जिनिव्हाला गेलेली बशी

किस्से हे अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या बर्फासारखे असतात. पडत असताना कोणी लक्ष देत नाही. मग एक दिवस दार उघडायला जावं तर दार उघडतच नाही, एवढा ढीग! परवा एका पार्टीत कोणीतरी सहज विचारलं, "तुमच्या ऑफिसात नक्की चालतं काय?" मी सांगायला लागलो. लोक जेवून, हात धुऊन, कोट घालायला लागले तरी माझं संपलं नव्हतं. शेवटी बायकोनं कोपरानं ढोसलं. इथे ढोसायला ती नाही, तेव्हा सगळं सांगतो.

आमचं ऑफिस म्हणजे एका डेंटिस्टच्या डोक्यावर तीन खोल्या. मालक सबनीसकाका. मिरजेचे. इथे येऊन एका कारखान्यात पंप डिझाइन करायचे. त्यांच्या एका पंपाचा आकार दुसऱ्या कंपनीनं जसाच्या तसा उचलला, तेव्हा चिडून ते पेटंट एजंट झाले आणि अजून चिडलेलेच आहेत. त्यांची मुलगी रेवा इथेच जन्मली, वकील झाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र निम्मंअर्धं इंग्रजीत येतं. डेल हा आमचा ड्राफ्ट्समन, सहा फूट चार इंच उंच आणि दिवसाला चार वाक्यं. चौथा मी. माझं काम तारखा सांभाळणं. कुठल्या अर्जाची मुदत कधी संपते ते मला झोपेतसुद्धा माहीत असावं लागतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे माझीच शोभा व्हायची आहे.

आम्ही वस्तूच्या रूपाची नोंदणी करतो. वस्तू काम काय करते ते नाही, दिसते कशी तेवढंच. सबनीसकाका गिऱ्हाइकाला ते असं समजावतात: "पूर्वी लग्नाचं आमंत्रण द्यायला घरोघरी हिंडावं लागायचं. जपानला वेगळा अर्ज, युरोपला वेगळा, प्रत्येकाची भाषा वेगळी, वकील वेगळा. आता एकच पत्रिका! जिनिव्हाला एक अर्ज टाकायचा, एकाच भाषेत, आणि खाली हवे त्या देशांवर टिक करायचं. पत्रिका सगळीकडे पोचते."

"मग सगळे देश हो म्हणतात?" असं गिऱ्हाईक विचारतंच.

"पत्रिका गेली म्हणून सगळे लग्नाला येतात का?" काका खेकसतात. "ज्यानं त्यानं आपापल्या घरी वाचून ठरवायचं!"

*

एका अर्जात एकाच प्रकारची शंभर डिझाइन्स बसतात. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगू नये, हे आम्ही एडिसन गावातल्या एका दागिनेवाल्यामुळे शिकलो. त्याला सांगितलं, आणि त्यानं शंभर मंगळसूत्रांचे फोटो पाठवले. नव्व्याण्णवही नाहीत, शंभर!

डेल दोन दिवस ते फोटो बघत बसला. तिसऱ्या दिवशी उठून सबनीसकाकांच्या टेबलाशी आला आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलला. "या सगळ्यांत दोन वाट्या आहेत."

"असतातच," काका म्हणाले.

"सगळ्यांत? नेहमी?"

"शेकडो वर्षं."

डेल विचारात पडला. "मग यात नवीन काय आहे?"

काकांनी फोन उचलला आणि एडिसनच्या दागिनेवाल्याला हाच प्रश्न विचारला. मग तो म्हणाला, "साहेब, नवीन काही असतं तर ते विकलं गेलं असतं का?"

*

रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरची तऱ्हा वेगळी. त्यानं स्वयंपाकघरात मोबाइल उभा करायचा स्टँड बनवला होता. बघायला खरंच सुरेख. अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी त्याची ईमेल आली: "अटॅच्ड व्हर्जन टू. कोपरे थोडे राउंड केलेत. प्लीज अपडेट."

सबनीसकाकांनी फोन करून सांगितलं, "अहो, एकदा चित्र गेलं की गेलं. त्यात बदल होत नाही."

"मग पॅच पाठवता येईल का?"

"नाही!"

"ओके, ओके. मग पहिलं बीटा म्हणून मार्क करा ना यार!"

काकांना 'यार' म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. त्याचा नंबर काकांनी अजून 'बीटा' याच नावानं सेव्ह करून ठेवला आहे आणि तो वाजला की फोन माझ्याकडे देतात.

*

आता खरी गोष्ट. एका नोव्हेंबरात आमच्या ओळखीतल्या प्रमिलामावशी आणि त्यांचे यजमान डॉक्टरकाका ऑफिसात आले. डॉक्टरकाका भूल देणारे डॉक्टर होते, रिटायर झाले. चार वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. मावशींनी शाळेच्या लायब्ररीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कम्युनिटी सेंटरमध्ये चाकावर मातीची भांडी करायला शिकल्या. मुलं दोन, एक पूर्वेच्या किनाऱ्यावर, एक पश्चिमेच्या.

मावशींनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रातून एक बशी. निळसर, एका बाजूची कड विड्याच्या पानासारखी वर वळलेली, खाली टोकाला निमुळती होत गेलेली, आणि समोर अंगठा टेकायला एक खळगा.

"यांना चहा बशीतूनच लागतो," मावशी म्हणाल्या. "कपानं पितात ती माणसं आजारी, असं यांचं मत. पण हात हलतो, शर्टावर सांडतं, मग दिवसभर चिडचिड. म्हणून ही केली. हिच्यातून एक थेंब सांडत नाही."

"पण बशी हातातून सुटते," डॉक्टरकाका आनंदानं म्हणाले. "आठवड्याला एक फोडतो मी. फुटली की आमच्याकडे अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. ही सुरू होते ते माझ्या आईपर्यंत जाऊन येते!"

"बोलू नको तर काय करू? माझी बोटं सुजलीत आता. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चाक बंद. नव्या होणार नाहीत. घरात सात उरल्यात."

म्हणून त्या आल्या होत्या. शिकागोच्या एका भांडीवाल्या कंपनीला बशी आवडली होती. न फुटणारी करून द्यायला ते तयार होते, पण अट एकच: अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणी डिझाइन मावशींच्या नावावर नोंदवायला घालायचं. त्याशिवाय ते साचा काढणार नव्हते. सात बश्या, आठवड्याला एक. हिशेब आम्हा सगळ्यांना कळला आणि कोणीच तो मोठ्यानं केला नाही.

*

रेवानं मावशींना समोर बसवून ताकीद दिली. "मावशी, लिसन. फॉर्ममध्ये ही बशी किती यूजफुल आहे ते सांगायचं नाही. ओन्ली हाऊ इट लुक्स."

"म्हणजे थेंब सांडत नाही ते सांगायचं नाही?"

"नो."

"आणि अंगठ्याचा खळगा?"

"इट्स अ कर्व्ह. अ ब्यूटिफुल कर्व्ह."

मावशी विचारात पडल्या. "अगं, पण मग ही बशी आहे कशाला?"

"फॉर नथिंग!" रेवा म्हणाली.

डॉक्टरकाका इतके खूश झाले की त्यांनी मला टाळी दिली. "चाळीस वर्षं माझ्याबद्दल हेच ऐकतोय. दिसायला बरा, उपयोग शून्य. चला, कायद्यानं मान्य केलं!"

मग त्यांना आठवलं की फॉर्मवर डिझाइन करणाऱ्याचं नावही लिहायचं असतं. "त्यात माझंही नाव घाला. मी सांडलं नसतं तर हिनं बशी केली असती का?"

"काका," रेवा म्हणाली, "स्पिलिंग इज नॉट अ कॉन्ट्रिब्यूशन."

देशांची यादी आली तेव्हा मावशींनी विचारलं, "भारत दिसत नाही यात?" सबनीसकाकांनी सांगितलं की या एका अर्जाच्या व्यवस्थेत भारत अजून आलेला नाही. तिथे हवं तर वेगळा अर्ज करावा लागेल, नाहीतर कोणीही ही बशी करू शकेल.

"कोल्हापूरची माझी बहीणसुद्धा?"

"तीसुद्धा."

"मग राहू दे. तिला नाही जमायची."

*

डेलनं चित्रं काढायला घेतली. एका वस्तूची सात चित्रं लागतात: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकं. सातही एकमेकांशी जुळली पाहिजेत. एकात कड उंच आणि दुसऱ्यात बुटकी असं झालं की अर्ज लटकला. डेल फोटोवरून काम करत नाही. वस्तू समोर लागते, आणि घाई केलेली चालत नाही. हात घालायला त्यानं जानेवारी उजाडवला.

जानेवारीतच एकदा मावशी तिळगूळ घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "अरे, घरी वैशालीला सांग, या महिन्याच्या शेवटी हळदीकुंकू आहे. यंदा वाण काय लुटावं तेच सुचत नाही बघ. गेल्या वर्षी बश्याच दिल्या ना, तेव्हा सोपं गेलं."

रेवा पलीकडच्या खोलीत फोनवर होती. तिनं फोन ठेवला. म्हणजे समोरच्याला न सांगता ठेवला.

"व्हॉट बश्याज?"

"या गं. याच. पंचेचाळीस बायका आल्या होत्या!"

आता हे समजून घ्या. डिझाइन नवं असावं लागतं. नोंदणीच्या आधी ते जगाला दाखवलं की ते नवं उरत नाही. आणि मावशींनी ते नुसतं दाखवलं नव्हतं, हळदीकुंकू लावून पंचेचाळीस घरी वाटलं होतं! सबनीसकाका खुर्चीत मागे टेकले आणि छताकडे बघून म्हणाले, "जगात कॉपी करणारे चोर असतात हे माहीत होतं. मालकच लुटून मोकळा होतो हे आजच बघितलं."

मावशींनी तिळगुळाचा डबा खाली ठेवला. "म्हणजे गेलं?"

"वर्षाच्या आत असेल तर वाचतं," रेवा म्हणाली. "यूएस, युरोप, जपान, तिघांकडे एक वर्षाची सवलत आहे. व्हेन वॉज इट?"

मी कॅलेंडर उघडलं. वर्ष भरायला एकोणीस दिवस होते. तारखा सांभाळायला पगार घेणाऱ्या मला ही एक तारीख माहीत नव्हती. मावशी आता बश्या मोजूनमापून बाहेर काढत होत्या, तरी घरात तेव्हा दोनच उरल्या होत्या, आणि एक डेलच्या टेबलावर.

*

जपानला नुसतं सांगून चालत नाही, पुरावा लागतो. कोणी, कधी, कुठे, कोणाला दाखवलं. रेवानं निवेदन लिहायला घेतलं. हळदीकुंकू म्हणजे काय ते इंग्रजीत लिहिताना तिला घाम फुटला.

"बश्या दिल्या, त्याच्या बदल्यात बायकांनी काय दिलं?"

"काही नाही गं. मीच वर तिळगूळ दिला."

"सो यू गेव्ह देम द डिझाइन, अँड देन यू गेव्ह देम कँडी?"

"आणि म्हटलं, गोड बोला."

"अँड डिड दे?"

"नाही ना," मावशी म्हणाल्या. "बशी तिरकी झालीय म्हणाल्या."

पुराव्याला फोटो हवा होता. गिऱ्हाइकाचं गुपित फोडायची आम्हाला बंदी, म्हणून मावशींनीच बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागितले. तासाभरात शेकडो फोटो आले. पैठण्या आल्या, नारायणपेठी आल्या, काळ्या साड्यांचा एक अख्खा अल्बम आला. बशीचा एकही फोटो नाही! आम्ही चौघं स्क्रीनला नाक लावून शोधत होतो. शेवटी डेलनं बोट ठेवलं. एका फोटोत कोणाच्या तरी कोपराखालून निळी कड डोकावत होती.

"हूज एल्बो इज धिस?" रेवा म्हणाली.

ते कोपर मी ओळखलं. पार्टीत मला ढोसतं तेच.

घरी जाऊन मी बायकोला विचारलं, "वैशाली, प्रमिलामावशींकडून तुला गेल्या वर्षी बशी मिळाली होती का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "रोज सकाळी हात धुताना काय बघतोस?"

बाथरूममध्ये गेलो. बेसिनवर साबण होता. साबण उचलला. खाली बशी! वर्षभर मी तिच्यावर साबण घासत होतो आणि ऑफिसात तिची फाइल कुलूप लावून ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ऑफिसात सांगितलं तेव्हा डेल हसला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

*

इथवर येऊन सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण सह्या करायला मावशी आणि डॉक्टरकाका आले, आणि सबनीसकाकांनी चहा मागवला.

डॉक्टरकाकांनी कागदी कप बघितला. मग इकडे तिकडे बघितलं. डेलच्या टेबलावर दिव्याखाली त्यांची बशी होती. त्यांनी ती सहज उचलली, चहा ओतला, एक लांब फुर्रर्र केलं, "वा!" म्हणाले आणि सोडली.

आवाज अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेला असणार, कारण डेंटिस्टचं ड्रिल थांबलं.

"फोडलीत?" मावशी ओरडल्या. "इथे येऊनसुद्धा फोडलीत? कायद्याच्या ऑफिसात?" आणि कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टरकाका खुर्चीत नीट टेकून बसले आणि मान डोलावत ऐकू लागले. सासूबाईंचा उल्लेख विसाव्या मिनिटाला आला.

डेल खाली बसून तुकडे गोळा करत होता. चार चित्रं झाली होती, तीन राहिली होती. मी म्हटलं, "माझ्याकडची साबणाची बशी घ्या!" मावशींनी हात हलवला. वाणाच्या बश्या घाईत केलेल्या, कड बुटकी, एकीसारखी दुसरी नाही. घरातल्या दोघीही तसल्याच. कंपनीनं पसंत केलेली होती ती ही पहिली.

"हिची जोडी होती," मावशी एकदम म्हणाल्या. "दोघी एकाच दिवशी चाकावरून उतरल्या, अगदी सारख्या. वाणाला एक कमी पडली म्हणून ती जोडीतली देऊन टाकली. शोभाला. ती सगळ्यांत शेवटी आली होती."

सहा दिवस राहिले होते.

*

शोभाकाकू तलावाच्या पलीकडे राहतात. मावशींनी फोन करून सांगितलं की बशी दोन दिवस हवी आहे.

"वाण कोणी परत मागतं का, प्रमिला?" शोभाकाकू म्हणाल्या. "अशुभ असतं ते! आणि ती तर मी देवघरात ठेवलीय, बाळकृष्णाखाली. तिथून हलवणार नाही."

रेवानं कायद्याच्या भाषेत समजावलं. काकू म्हणाल्या, "बाळ, तू जेवून जा." सबनीसकाकांनी स्वतः फोन केला, आवाज चढवला. काकूंनी त्यांना मिरजेपर्यंतची ओळख काढून दाखवली आणि गप्प केलं. त्यांची आई सबनीसकाकांच्या मावशीच्या वर्गात होती!

शेवटी वस्तू डेलकडे येत नाही म्हणून डेल वस्तूकडे गेला. बरोबर मी. उणे पंधरा तापमानात त्यानं दारात बूट काढले. शोभाकाकूंनी त्याला पाय धुवायला लावले. मग सहा फूट चार इंचांचा तो माणूस देवघरासमोर मांडी घालून बसला. मांडी म्हणजे एक गुडघा समईपाशी आणि दुसरा हॉलमध्ये. काकूंनी बाळकृष्णाला हात जोडून माफी मागितली, दोन बोटांनी उचलून शेजारच्या ताम्हनात बसवलं आणि म्हणाल्या, "याला खालून बघायचं आहे ना? बघू दे. पण बशी देव्हाऱ्याबाहेर नाही!"

डेलनं टॉर्च तोंडात धरला, डोकं देव्हाऱ्यात घातलं आणि बशीचं मोजमाप घेतलं. दोन दिवस तो असा जात राहिला. तिसऱ्या दिवशी तीनही चित्रं पुरी झाली. निघताना काकूंनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि कपाळाला गंध लावलं. तो तसाच ऑफिसात आला.

"काय म्हणतोय बाळकृष्ण?" सबनीसकाकांनी विचारलं.

डेल म्हणाला, "गुड क्लायंट. डझन्ट मूव्ह."

*

अर्ज आम्ही मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पाठवायला बसलो. जिनिव्हा आपल्या सात तास पुढे. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले की तिथली तारीख बदलते. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे निवांत असतात. साडेचारला फाइल अपलोड झाली. सबनीसकाका म्हणाले, "थांबा. एकदा सातही चित्रं बघतो."

"डॅड, नो!"

"पंपाच्या वेळी बघितली नव्हती."

त्यांनी एकेक चित्र उघडलं. अंगठ्याचा खळगा मोजला, कड मोजली. मावशी माझ्या शेजारी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. घरातल्या दोघींपैकी एक त्याच सकाळी फुटली होती. पाचला आठ कमी असताना काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जुळतंय. सगळं जुळतंय." रेवानं बटण दाबलं. पोच आली तेव्हा मावशी रडायलाच लागल्या. मला पण भरून आलं, उगीच का नाकारू?

डॉक्टरकाका तेवढे स्थिर होते. "एका बशीसाठी एवढी माणसं जागेवर खिळलेली," ते म्हणाले, "ऑपरेशनला सुद्धा बघितली नाहीत."

*

वसंतात जिनिव्हाहून सर्टिफिकेट आलं. त्यावर मावशींचं नाव होतं आणि डेलची सात चित्रं. कंपनीनं साचा काढायला घेतला. घरातली शेवटची बशी तोवर फुटून गेली होती. शोभाकाकूंनी ऐकवल्यापासून वाटलेलं वाण मावशी कोणाकडे मागेनात, आणि डॉक्टरकाका कपाला हात लावेनात. मावशी त्यांना स्टीलच्या वाटीतून चहा पाजत होत्या. "वाटी आपटते, वाकत नाही, काही नाही," काका माझ्याकडे तक्रार करायचे. घर फार शांत वाटायचं त्या दिवसांत.

पुढच्या जानेवारीत शोभाकाकूंचं हळदीकुंकू झालं. वैशाली घरी येऊन सांगत होती. सगळ्यांना प्लास्टिकचे डबे वाण मिळाले. प्रमिलामावशींच्या हातात काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि म्हणाल्या, "परत नाही हं देत. वाण देतेय." मावशींनी ती बशी घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. त्यांच्या हातची घरातली ती एकमेव. डॉक्टरकाकांनी काचेतून बघायची, असा नियम झाला.

त्याच आठवड्यात कंपनीचा खोका आला. चोवीस बश्या! मावशींनी आम्हा चौघांना चहाला बोलावलं. बश्या हुबेहूब होत्या. तोच निळा रंग, तीच वळलेली कड, तोच खळगा. चोवीसही एकसारख्या. डेलनं एक उलटी करून खालून बघितली आणि मान हलवली. मावशींनी पहिली बशी भरून डॉक्टरकाकांपुढे धरली.

काकांनी उचलली. हात थरथरला, चहा हिंदकळला, पण कडेला लागून परत फिरला. फुर्रर्र! एक थेंब सांडला नाही. सबनीसकाकांनी टाळ्या वाजवल्या. रेवानं फोटो काढला. दुसरा घोट झाला, तिसरा झाला, आणि बशी हातातून सुटली.

फरशीवर आपटली, उडाली, गरगर फिरत गेली आणि डेलच्या पायाशी जाऊन सपाट बसली. चहा सांडला तेवढाच.

मावशी सवयीनं अर्ध्या उठल्या होत्या. तोंड उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं. डेलनं बशी उचलून टेबलावर ठेवली. एक टवका नाही, एक चरा नाही.

डॉक्टरकाका त्या बशीकडे बघत राहिले. भूल दिलेला पेशंट मध्येच उठून बसावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"फुटली नाही," ते म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मग आता तू मला बोलणार कशावरून?"

मावशी उठल्या, कोपऱ्यातली पर्स उघडली आणि आतल्या खोलीत गेल्या. कुलूप काढल्याचा आवाज आला, काच सरकल्याचा आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शोभाकाकूंनी दिलेली बशी होती. ती त्यांनी डॉक्टरकाकांपुढे ठेवली, चहाची किटली उचलली आणि सुजलेल्या बोटांनी काठोकाठ ओतला.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "आणि फोडलीत तर याद राखा!"